मोहोराच्या दिवसांतल्या तीन ओळी

कोकणात हातखंब्याहून पालीला आलं की रस्ते फुटतात. एक लांज्यावरून गोव्याकडे जातो, दुसरा नाणीज, साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. गाड्यांची वर्दळ रात्रंदिवस असते. पण रस्ता सोडून कलमांच्या बागेत शिरा. थंडीच्या दिवसांत इथला बागायतदार सकाळी उठला की आधी आंब्याचे शेंडे बघतो. पालवी फुटलीय की मोहोर? पाऊस लांबून कोवळी पालवी आली, तर मोहोर मागे पडतो. रात्री गारवा हवा, वर आभाळ मोकळं हवं. मळभ आलं की तुडतुडे या किडीची धास्ती.

रोज तेच झाड बघायचं आणि काल नव्हतं ते आज काय आहे, एवढंच शोधायचं. माझ्या मते हायकू लिहिणाऱ्याचं कामही हेच आहे.

हायकू हा तीन ओळींचा कविताप्रकार जपानचा. सतराव्या शतकात बाशो या कवीनं त्याला उंची दिली, ‘हायकू’ हे नाव रूढ झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शिकी या कवीमुळे. मराठीत तो रुजवला शिरीष पै यांनी. आचार्य अत्र्यांची ही लेक, जन्म १९२९चा. कथा, कविता, नाटक, पत्रकारिता असं सगळं करून त्या या तीन ओळींपाशी आल्या आणि २०१७मध्ये जाईपर्यंत मराठी हायकू त्यांच्याच नावानं ओळखला गेला. जपानीतला पाच-सात-पाच अक्षरांचा हिशेब त्यांनी मराठीवर लादला नाही. ओळी तीन, त्यांतल्या दोनांत यमक, आणि डोळ्यांसमोरचा एक क्षण. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

जपानी हायकूत ऋतूची खूण लागते. अशा खुणांचे तिथे कोश आहेत. हिवाळा म्हटला की त्यांत बर्फ येतो. आपल्याकडे बर्फ कुठला? पण भात निघालेल्या मळ्यात ओलीवर पेरलेला पावटा आहे, गवताची उडवी आहे, पावसाळा सरल्यावर येऊन अंगणात शेपूट हलवणारा धोबी पक्षी आहे. आणि मोहोर. आपला हिवाळ्याचा कोश असा भरलेला आहे, तो लिहून काढायचा राहिलाय.

मी थंडीत रोज एक हायकू लिहिते. त्यातला हा एक:

आभाळ उतरलं मोहोरावर
पंप पाठीला बांधून काका
उभा बांधावर

फवारणीला निघालेले काका काळजीत आहेत, असं मी लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर ऐकणाऱ्याला बघायला काही उरलं नसतं. हा संयम फार अवघड असतो. मनात आधी मतं येतात, उपमा येतात, कालचं भांडण येतं. ते सगळं बाजूला ठेवून समोरच्या फांदीपाशी परत यावं लागतं. रोज आलं की मन हळूहळू तिथे थांबायला शिकतं.

असं थांबायला शिकलेला एक माणूस म्हणजे अमेरिकन कादंबरीकार रिचर्ड राइट. ते फ्रान्समध्ये आजारी होते. १९६०मध्ये गेले. शेवटच्या दीडेक वर्षात त्यांनी सुमारे चार हजार हायकू लिहिले. वर्णद्वेषाविरुद्ध आयुष्यभर धगधगतं लिहिणारा हा माणूस आजारपणात पाऊस, पाखरं, ऊन यांकडे बघत होता.

तुमच्याकडे बाग नसेल, तर खिडकीतलं झाड चालेल, गच्चीवरचं दव चालेल. उद्या सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी बाहेर या, एकच गोष्ट नीट बघा आणि तीन ओळी लिहा. यमक नाही जुळलं तरी लिहा, आणि शिमग्यापर्यंत खंड पडू देऊ नका.