मंत्रचळ आणि त्यावरील औषधांची निवड



आपल्या भाषेंत मंत्रचळ असा एक जुना शब्द आहे. मंत्रसाधनेंत कांहीं न्यून राहिलें म्हणजे साधकाच्या बुद्धीला चळ लागतो, असा समज त्या शब्दाच्या पोटांत आहे. समज मागें पडला, शब्द मात्र टिकला. आणि मानसोपचारतज्ज्ञ ज्याला ओसीडी म्हणतात त्या विकाराला मराठींत हेंच नांव रूढ झालें आहे. नको असलेला एखादा विचार मनांत पुनःपुन्हा घुसतो; तो निराधार आहे हें त्या माणसाला बहुधा कळत असतें; तरीहि त्याची भीति इतकी दाट असते कीं ती शमविण्यासाठीं कांहींतरी कृति केल्यावांचून त्याला राहवत नाहीं. हात धुवावे, कुलूप ओढून पाहावें, गॅस बंद आहे ना हें पुन्हा तपासावें, मनांतल्या मनांत एखादें वाक्य ठराविक वेळां म्हणावें. घटकाभर बरें वाटतें, आणि विचार परत येतो. आपल्या देशांत २०१५-१६ सालीं झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत प्रौढांपैकीं हजारीं सात-आठ जणांना हा विकार आढळला. तेव्हां आपणांपैकीं पुष्कळांच्या ओळखींत असा एखादा माणूस असणार. फक्त तो कोणता, हें आपणांस ठाऊक असेलच असें नाहीं.

आपल्या घरांत हा विकार लपून राहण्यास सोंवळ्या-ओंवळ्याचा मोठा आडोसा मिळतो. आजी दिवसांतून चार वेळां न्हाते, सून घासलेलीं भांडीं पुन्हा घासते. लोक म्हणतात, सोंवळें कडक आहे. परंतु दोहोंतील भेद ओळखणें फारसें अवघड नाहीं. सोंवळ्याच्या नियमाला शेवट असतो. स्नान झालें, धूतवस्त्र नेसलें, कीं माणूस पूजेला बसतो. मंत्रचळ लागलेल्याला ‘झालें’ असें कधीं म्हणतांच येत नाहीं. पूजेची वेळ टळून जाते, हातांचीं सालें निघतात, तरी तो मोरींतच असतो. शाळेंतहि अशीं मुलें असतात; कागदाला भोंक पडेपर्यंत एकेक अक्षर खोडून पुन्हा गिरविणारीं. परीक्षेंत त्यांचे निम्मे प्रश्न राहून जातात आणि प्रगतिपुस्तकावर ‘मंदगति’ असा शेरा पडतो.

मी वैद्य नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून शाळेंत खडू झिजविलेला मास्तर आहें. परंतु माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या आग्रहावरून अडीच वर्षें मी त्याच्यासमवेत मानसोपचारतज्ज्ञांकडे जात असें. तेथें जें ऐकलें आणि मागाहून जें वाचून ताडून पाहिलें, तेवढेंच येथें सांगणार आहें. औषध कोणतें आणि किती, हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें; पण तें चालू राहणार कीं नाहीं याचा निकाल पुष्कळदां घरांतच लागतो.

या विकारावर औषध आहे हें कळून फार काळ लोटलेला नाहीं. स्वित्झर्लंडमधील गायगी कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत क्लोमिप्रामीन नांवाचें औषध खिन्नतेसाठीं काढलें. त्याच दशकाच्या अखेरीस स्पेनमधील लोपेझ-इबोर या मानसोपचारतज्ज्ञानें तें मंत्रचळावरहि गुणकारी असल्याचें नोंदविलें. आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे. खिन्नतेवरचीं इतर जुनीं औषधें शेजारीं ठेवून पाहतां तीं येथें फिकीं पडलीं. अमेरिकेंत मुलांना क्लोमिप्रामीन आणि त्याचेंच भावंड शोभेल असें डेसिप्रामीन हीं आळीपाळीनें देण्यांत आलीं. पहिल्यानें उतार पडला, आणि दुसऱ्यावर येतांच पुष्कळांचा आजार पुन्हा डोकें वर काढूं लागला. मज्जापेशींच्या सांध्यांत सीरोटोनिन नांवाचें द्रव्य निरोप पोंचवितें. क्लोमिप्रामीनचा जोर त्याच्यावर अधिक होता. यावरून पुढची वाट सांपडली. अमेरिकेंत या विकारासाठीं क्लोमिप्रामीनला १९८९ सालीं मान्यता मिळाली. पाठोपाठ मुख्यतः सीरोटोनिनवर काम करणारीं फ्लुऑक्सेटीन, फ्लुव्हॉक्सामीन, सर्ट्रालीन व पॅरॉक्सेटीन हीं औषधें आलीं, आणि आज एस्सिटालोप्रामहि त्यांच्या पंक्तीस बसतें. सीरोटोनिन ‘कमी पडल्यानें’ मंत्रचळ होतो असें सर्रास सांगण्यांत येतें, तें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. ॲस्पिरिननें डोकें राहतें म्हणून अंगांत ॲस्पिरिनची उणीव होती, असें कोणी म्हणत नाहीं.

आतां यांतून निवड कशी करावयाची? जो तो विचारतो, सर्वांत जालीम कोणतें? याचें उत्तर ऐकून निराशा होते. नव्या गटांतील औषधें गुणानें जवळजवळ सारखीं आहेत; निवड होते ती माणसाकडे पाहून. फ्लुऑक्सेटीन शरीरांत कित्येक दिवस रेंगाळतें, म्हणून एखादे दिवशीं गोळी विसरणाऱ्याला तें सोयीचें. पॅरॉक्सेटीन त्याउलट लवकर उतरतें. तें एकाएकीं थांबविल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड यांचा त्रास होतो, आणि गर्भवतीला तें शक्यतों देत नाहींत. अंगावर पाजणाऱ्या आईसाठीं सर्ट्रालीनला अधिक पसंती असते, कारण तें दुधांत फार थोडें उतरतें. फ्लुव्हॉक्सामीन घेणाऱ्यानें चहा-कॉफी बेतानें घ्यावी. तें औषध कॅफीनचा निचरा मंद करतें, आणि नेहमींच्या दोन कपांनींहि छाती धडधडून झोंप उडूं शकते. दम्यासाठीं थिओफिलीन चालू असेल तर तें अधिकच धोक्याचें. म्हणून दुसरीं कोणतीं औषधें चालू आहेत, अगदीं अंगदुखीच्या गोळ्यांसुद्धां, हें डॉक्टरांना सांगितलेंच पाहिजे. जुनें क्लोमिप्रामीन गुणाला कमी नाहीं. पण तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, झोंपाळूपणा, हृदयाच्या गतीवर परिणाम, आणि मात्रा फार वाढल्यास आंकडी, असा त्याचा लवाजमा असल्यानें तें बहुधा दुसऱ्या फळींत ठेवतात, आणि हृदयाचा आलेख काढूनच देतात.

परंतु नांवाची निवड हा या प्रश्नाचा लहान भाग होय. मोठा भाग मात्रेचा आणि मुदतीचा आहे. खिन्नतेला जी मात्रा पुरते ती मंत्रचळाला बहुधा पुरत नाहीं. फ्लुऑक्सेटीन तेथें २० मिलिग्रॅमवर पुष्कळदां भागतें. येथें ४० ते ६०, क्वचित् ८० मिलिग्रॅमपर्यंत पायरीपायरीनें चढावें लागतें. सर्ट्रालीन ५० पासून २०० पर्यंत जातें. आणि गुण येतो कीं नाहीं हें ठरविण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. त्यांतील निदान चार ते सहा आठवडे सोसेल तितक्या पूर्ण मात्रेवर गेले पाहिजेत. याउलट मळमळ, पोट बिघडणें, झोंप उडणें, मन बेचैन होणें हें सारें पहिल्या पंधरवड्यांतच भेटीस येतें. म्हणजे तोटा रोख आणि नफा उधार. असा व्यवहार कोणत्या घराला पटेल?

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घराला तो पटला नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत मामा येऊन म्हणाले, “गोळ्यांनीं काय व्हायचें आहे? मन घट्ट करायला हवें.” गोळ्या थांबल्या. मग दुसरे डॉक्टर, दुसरें औषध, पुन्हा एक महिना. मग तिसरे. वर्षाअखेरीस तीन औषधें होऊन गेलीं, एकहि महिन्यापलीकडे गेलें नाहीं, आणि कागदांवर मात्र ‘औषधांना दाद देत नाहीं’ अशी नोंद झाली. चौथ्या डॉक्टरांनीं सगळ्या चिठ्ठ्या तारीखवार लावल्या, आणि सर्वांत प्रथम सोडून दिलेलें सर्ट्रालीनच पुन्हा सुरू केलें. पांच आठवड्यांत २०० वर नेलें, आणि तीन महिने कोणीहि मत देऊं नये अशी वडिलांना तंबी दिली. दहाव्या आठवड्यांत आईच्या लक्षांत आलें कीं मुलगा न्हाणीघरांतून पाऊण तासांत बाहेर आला. पूर्वीं दोन तास लागत. तिनें विचारलें तेव्हां त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता.

गुण येणें म्हणजे काय, हेंहि आधींच ठाऊक असलेलें बरें. पहिल्या औषधानें सुमारें निम्म्या लोकांना जाणवण्याजोगा आराम पडतो. हा आराम बहुधा संपूर्ण नसतो. आजाराची तीव्रता मोजण्यासाठीं ० ते ४० अंकांची येल-ब्राउन मोजपट्टी वापरतात. २८ चे १८ झाले तर डॉक्टर तें यश समजतात. विचार येतात, पण दारावर थाप मारावी तसे येतात. दार फोडीत नाहींत.

झोंपेच्या व बेचैनीच्या गोळ्यांविषयीं एवढेंच, कीं क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांनीं रात्र सरते, मंत्रचळ जात नाहीं. आणि संवय मात्र लागते.

औषधाच्या जोडीचा दुसरा उपाय मनोपचाराचा. लंडन येथें व्हिक्टर मायर यानें १९६६ सालीं तो प्रथम प्रसिद्ध केला: ज्याची धास्ती त्याला हात लावावयाचा, आणि मग हात धुवावयाचे नाहींत, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं, लहान भयापासून मोठ्याकडे जावयाचें. औषध घेऊनहि पुरता आराम न पडलेल्या शंभर रोग्यांचा अमेरिकेंतील एक प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना या उपायाची जोड दिली, कांहींना रिस्पेरिडोनची, कांहींना नुसत्या फसव्या गोळीची. आराम पडला तो अनुक्रमें शेंकडा ८०, २३ व १५ जणांना. मुलांच्या बाबतींत २००४ सालचा एक प्रयोग आहे: आजाराच्या खुणा जवळजवळ नाहींशा झालेलीं मुलें, दोन्ही उपाय एकत्र केल्यास शेंकडा ५४, नुसत्या मनोपचारानें ३९, नुसत्या सर्ट्रालीननें २१, फसव्या गोळीनें ४. म्हणून मूल लहान व आजार सौम्य असेल तर आधीं मनोपचार, हें रास्तच. परंतु तालुक्याच्या गांवीं असा तज्ज्ञ मिळावयाचा कोठें? तेथें औषध हाच हातांतला उपाय असतो, आणि तो कमीपणाचा समजण्याचें मला कांहीं कारण दिसत नाहीं.

बाळंतपणानंतर हा विकार प्रथम उद्भवण्याचा किंवा बळावण्याचा संभव अधिक असतो, आणि त्या वेळीं तो फार क्रूर रूप घेतो. बाळाला आपल्या हातून इजा होईल, असा विचार आईच्या मनांत येऊं लागतो. ती विळी-सुऱ्या लपविते, बाळाला एकटी न्हाऊं घालीत नाहीं, आणि हें कोणाजवळ बोलत नाहीं. बोलली तर मूल काढून घेतील अशी तिला धास्ती असते. ज्या विचारानें तिचा थरकांप होतो तो तिची इच्छा नव्हे, हें सासूनें आणि नवऱ्यानें समजून घेतलें तर ती बोलेल. पाजत असतांनाहि घेतां येतील अशीं औषधें आहेत. मात्र जिला तो विचार योग्यच वाटूं लागतो, किंवा कानांत आवाज येतात, तिचें दुखणें निराळें. तिला त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें.

तरुणांविषयींहि एक सावधगिरी आहे. पंचविशीच्या आंतील कांहींजणांत औषधाच्या आरंभीं जीव देण्याचे विचार वाढलेले आढळले. अमेरिकन सरकारनें ही सूचना २००४ सालीं मुलांसाठीं आणि २००७ सालीं तरुणांसाठीं औषधांवर छापावयास लाविली. यावरून औषध टाळावें असें नव्हे. पहिले कांहीं आठवडे घरानें डोळस राहावें, आणि तसें कांहीं जाणवल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवावें.

पूर्ण मात्रा, पूर्ण मुदत देऊनहि गुण न आल्यास त्याच गटांतील दुसरें औषध, मग क्लोमिप्रामीन, किंवा चालू औषधाला ॲरिपिप्राझोल अथवा रिस्पेरिडोनची अल्प मात्रेंत जोड, असा क्रम असतो. या जोडीचा उपयोग सुमारें तिघांत एकाला होतो. वजन व रक्तांतील साखर यांवर लक्ष ठेवावें लागतें, आणि दोनतीन महिन्यांत फरक न पडल्यास ती काढून टाकणें बरें.

राहिला प्रश्न थांबण्याचा. बरें वाटूं लागलें कीं गोळी नकोशी होते; आणि लग्न ठरलें कीं घरचेच ती बंद करवितात, सासरीं डबींत गोळ्या दिसूं नयेत म्हणून. १९८८ सालच्या एका प्रयोगांत क्लोमिप्रामीनवर बऱ्या झालेल्या अठरा जणांना, त्यांस नकळत, फसवी गोळी देण्यांत आली. सात आठवड्यांच्या आंत सोळा जणांचा आजार उलटला. म्हणून बरें वाटूं लागल्यावरहि निदान एक-दोन वर्षें औषध चालू ठेवतात, आणि मग उतरवावयाचें तें महिनोगणती, थोडें थोडें. लग्नाच्या ऐन धांदलींत तर नव्हेच. या औषधांनीं कामेच्छा मंदावते, हें खरें आहे. लाजेनें गोळी परस्पर सोडून देण्यापेक्षां तें डॉक्टरांना सांगावें, कारण मात्रा किंवा औषध बदलून त्यावर पुष्कळदां तोड काढतां येते.

कोठें जावें, असें पुष्कळजण विचारतात. बेंगळूरच्या निमहॅन्स संस्थेंत या विकारासाठीं स्वतंत्र विभाग आहे. परंतु तेवढ्या दूर जाण्याची गरज क्वचितच पडते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. २०२२ सालीं सरकारनें सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेचा दूरध्वनि क्रमांक १४४१६ असा आहे; तेथें मराठींत बोलतां येतें. जातांना मात्र एक वही बरोबर न्यावी. तींत चार रकाने आंखून औषधाचें नांव, अधिकांत अधिक मात्रा किती मिलिग्रॅम, ती किती आठवडे घेतली, आणि कां सोडली, हें लिहून ठेवावें. माझ्या विद्यार्थ्याच्या चिठ्ठ्या लावण्यांत चौथ्या डॉक्टरांची पहिली सबंध भेट खर्ची पडली होती.