चिठ्ठ्या दोघांच्या, दाखला एकीचा

(वसईतल्या महिला मंडळांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



मला ‘शाळा आणि समाज’ असा विषय दिलाय. वसईच्या एका कॅथलिक माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षं गणित शिकवलं. तेव्हा सगळ्या समाजाबद्दल बोलण्यापेक्षा त्या एका शाळेबद्दलच बोलते.

बाहेरून आलेल्यांसाठी आधी थोडं सांगायला हवं. ख्रिस्ती म्हटलं की कॉन्व्हेंट आणि इंग्रजी असं अनेकींना वाटतं. आम्ही वसईचे ख्रिस्ती मराठीच. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, प्रार्थना मराठीत, घरोघरी ‘सुवार्ता’ मासिक. आमची शाळाही मराठी माध्यमाची, मुलामुलींची एकत्र. चर्चच्या आवारातच शाळा, मागे सिस्टरांचा मठ, पलीकडे दफनभूमी. धर्मग्रामाचे मुख्य फादर तेच शाळेचे व्यवस्थापक. पगार सरकारी अनुदानातून, कारभार चर्चचा. बाकावर कॅथलिक मुलांशेजारी आगरी, कोळी मुलं, पूर्वपट्टीतल्या पाड्यांवरची वारली मुलं. आठवड्यातून एक तास कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला आणि बाकीची नीतिशिक्षणाला जात. एरवी सगळं एकत्र.

या शाळेने मला वाढवलंय हे आधीच सांगते. मी तिथलीच विद्यार्थिनी. माझे वडील वारले तेव्हा सगळा वर्ग बाईंबरोबर अंत्यविधीला आला होता. त्या वर्षीची माझी दहावीची फी कोणी भरली, ते मला अजून कळलेलं नाही. सणाच्या आधी आठवडाभर धड शिकवणं व्हायचं नाही. मुलगे मांडवाचे बांबू वाहत, मुली पताका कापत. कोणाच्या घरी काय शिजतं, कोणाचा बाप पितो, कोणाची विहीर आटली, सगळं शाळेला ठाऊक.

पण एकत्र म्हणजे कसं? मुलींची रांग खिडकीकडे, मुलांची दाराकडे. झाडू मुलींकडे, घंटा मुलांकडे. आणि मी गणिताची शिक्षिका असूनही स्नेहसंमेलनात चहाचं खातं कायम माझ्याकडे! वर्षानुवर्षं मला यात काही वावगं दिसलं नाही.

१९९१ सालची गोष्ट. मी नववीची वर्गशिक्षिका होते. एका मुलीच्या भूगोलाच्या वहीत चिठ्ठी सापडली, वर्गातल्या मुलाने लिहिलेली. तिचं उत्तर त्याच्या दप्तरात निघालं. दोन्हीत मिळून आठ ओळी असतील. मुलाला दोन छड्या बसल्या आणि तो परीक्षेला बसला. मुलीच्या वडिलांना बोलावून ‘तिच्याच भल्यासाठी’ दाखला न्यायला सांगितलं. शिक्षकांच्या सभेत दहा मिनिटांत ठराव झाला. आम्ही चार बायका होतो. चौघींनी सही केली. दाखल्यावर वर्तणूक ‘चांगली’ आणि शाळा सोडण्याचं कारण ‘पालकांची विनंती’.

शिक्षकाला काढायचं तर १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आहे. आरोपपत्र लागतं, चौकशी लागते, बाजू मांडायची संधी द्यावी लागते. नववीतल्या मुलीला काढायला आठ ओळी पुरल्या.

तिची आई तेव्हा कुठे होती? पहाटेच्या लोकलने फुलं घेऊन दादरला. परत आली तोवर गावाला कळलं होतं. चर्चच्या पायऱ्यांवर वेगळी दवंडी लागत नाही. शेजारच्या धर्मग्रामाच्या शाळेत प्रवेशाला गेले, तर तिथल्या फादरांनी इथल्या फादरांना विचारलं. तिथेही दार बंद. ज्या ओळखीपाळखीतून माझी फी भरली गेली होती, त्याच ओळखीपाळखीतून.

दुसऱ्या दिवशी आई बाजाराला गेली नाही, माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, सही तुमचीपण आहे ना?” बस, एवढंच. मी चहा ठेवला. तिने घेतला नाही.

पुढे मी त्या मुलीला संध्याकाळी घरी शिकवलं. १७ नंबरचा फॉर्म भरून ती १९९३ साली बाहेरून दहावी झाली. पण हे मी मागच्या दाराने केलं. नोकरी जाईल म्हणून नव्हे, तो १९७७ चा कायदा माझ्या पाठीशी होताच. मला भीती होती ती रविवारी मिस्साला बाकावर माझ्या शेजारी कोण बसेल याची. आपल्या मंडळात नव्या येणाऱ्या मुलींना आपण ‘घाबरू नका’ म्हणतो ना, तेव्हा ही भीती नेमकी कशाची असते ते आधी विचारत जा.

बदल माझ्यामुळे झाला नाही. तो बाजाराला जाणाऱ्या बायकांनी केला. पालकसभा नेहमी कामाच्या दिवशी अकरा वाजता, त्यामुळे बापच येत. बायकांनी लावून धरलं, सभा रविवारी चारला घ्या. मग लाल लुगडी नेसून पुढच्या बाकांवर येऊन बसल्या. पहिला प्रश्न नीतीचा नव्हता, ‘मुलींच्या संडासाला कडी का नाही’ हा होता. कडी आठवड्यात लागली. मग दाखल्याचा विषय निघाला. तक्रार लेखी हवी, आईसमोर ऐकून घ्यायला हवं, आणि चूक दोघांची असेल तर शिक्षा दोघांना सारखी. फादर म्हणाले, “आपण एक कुटुंब आहोत, लेखी कशाला?” मागून एक बाई म्हणाली, “कुटुंबातच लेखी लागतं, फादर. माझ्या भावांना विचारा.” सभा हसली, पण हसताना कित्येकींच्या माना खाली होत्या. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलीला १९२५ च्या वारसा कायद्याने मुलाइतकाच वाटा मिळतो, आणि तरी त्यातल्या कितीजणींनी हक्कसोडीवर अंगठे दिले होते! ठराव इतिवृत्तात लिहिला गेला.

चर्चमध्येही कागद येत राहिले. १९९४ साली रोमने मुलींना वेदीसेवक व्हायची मुभा दिली, निर्णय मात्र त्या त्या बिशपवर सोडला. २०१० साली भारतातल्या बिशपांच्या परिषदेने स्त्री-पुरुष समानतेचं धोरण काढलं. २०१६ साली पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीत बायकांना घ्यायची परवानगी आली. आमच्या शाळेत घंटा मुलीच्या हाती आली ती मात्र कुठल्याच कागदाने नाही. शिपाई आजारी पडला आणि घंटेजवळ बसणारी एकच मुलगी होती, म्हणून.

मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या वर्गात मुलगे थोडे उरले होते. घरात दोन भावंडं असतील तर मुलगा इंग्रजी शाळेत, मुलगी मराठीत. भांडण न करता, प्रेमाने केलेली वाटणी! यावर अजून एकाही पालकसभेत चर्चा झालेली नाही.

तेव्हा एक काम सांगते आणि थांबते. पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकीने आपल्या गावच्या शाळेत जाऊन पालकसभेचं इतिवृत्त मागा. सभा कोणत्या वारी, किती वाजता झाली आणि सह्या कोणाच्या आहेत, ते उतरवून आणा. वही देत नसतील तर तेही लिहून आणा.