भाकरीची कोर

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज आपल्यापुढें एक लहानसा विषय मांडणार आहों. तो म्हणजे भाकरीसंबंधाचे कांहीं जुने शब्द आणि चाली. हे शब्द आपल्या वाडवडिलांच्या नित्य तोंडीं असत. पुष्कळ मुलांस ते आतां ऐकूनहि ठाऊक नाहींत. शब्द गेला म्हणजे त्यामागची रीतहि हळूहळू जाते, म्हणून हा विषय आम्हीं निवडला.

प्रथम 'पाव' हा शब्द घ्या. पायांनीं मळतात म्हणून पाव, किंवा चौथा हिस्सा म्हणून पाव, असें कित्येक सांगतात. हें खरें नव्हे. पोर्तुगीज भाषेंत भाकरीस जो शब्द आहे, तोच हा. चौथ्या हिश्शाचा 'पाव' निराळा. तो संस्कृत 'पाद' शब्दापासून आला. इ. स. १५३४ त वसई पोर्तुगिजांच्या हातीं गेली व १७३९ त मराठ्यांनीं ती घेतली. राज्य गेलें, शब्द राहिला. गोव्यांत पाव भाजणाऱ्यास 'पोदेर' म्हणतात. तेथें पूर्वी पीठ फुगविण्यास माडाची सुर घालीत असत. आपला किनारा भात खाणाऱ्यांचा. परंतु मिस्साच्या यज्ञास गव्हाचीच भाकर लागते, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे.

आतां आपल्या घरची भाकर. तिच्या भागांस मराठींत किती नांवें आहेत पाहा. भाकरीच्या तुकड्यास 'कोर' म्हणतात. चौथा भाग तो 'चतकोर', आणि त्याहूनहि लहान तुकडा तो 'नितकोर'. ज्या भाषेंत तुकड्यांस अशीं नांवें पडलीं, ती बोलणाऱ्यांस भाकर मोडून वांटण्याची संवय असलीच पाहिजे. दारीं आलेल्यास चतकोर, वाटसरूस फडक्यांत बांधलेली शिदोरी, पाहुण्यास 'मीठभाकर खाऊन जा' असा आग्रह. चुलीवर पक्वान्न शिजत असलें, तरी यजमान नम्रतेनें मीठभाकरच म्हणे.

इतर भाषांतहि हीच खूण आढळते. लॅटिन 'पानिस' म्हणजे भाकर. सोबती ह्या अर्थाचा इंग्रजी 'कंपॅनियन' शब्द त्यांतूनच निघाला. जो आपल्याबरोबर भाकर खातो तो, हा त्याचा मूळ अर्थ. हिब्रू भाषेंत 'बेथलेहेम' म्हणजे भाकरीचें घर. आणि आज ज्यास आपण मिस्सा म्हणतों, त्यास प्रेषितांच्या काळीं 'भाकर मोडणें' म्हणत.

प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत भाकरीस जें विशेषण आहे, तें मूळ ग्रीकमध्यें फारच विरळा आहे. संत जेरोमनें लॅटिन शुभवर्तमान सिद्ध करितांना त्या एकाच शब्दासाठीं दोन शब्द योजिले: लूकमध्यें 'दररोजची' अशा अर्थाचा, आणि मत्तयमध्यें 'सर्व वस्तूंहून श्रेष्ठ' अशा अर्थाचा. एका विनंतींत चुलीवरची भाकर आणि वेदीवरची भाकर ह्या दोहोंस जागा मिळाली. शिवाय ती भाकर आपण 'मला' दे असें म्हणत नाहीं. 'आम्हांस' दे असें म्हणतों.

मुंबई व साष्टीच्या गांवठाणांत आपले ईस्ट इंडियन बांधव आक्टोबर महिन्यांत आगेरा साजरा करितात. नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढें आणून त्यांवर आशीर्वाद मागतात. परंतु पुष्कळ ठिकाणीं शेतें गेलीं आणि इमारती उठल्या. शेत परत आणणें आपल्या हातीं नाहीं. भाकर मोडणें मात्र अद्याप आपल्या हातीं आहे.

हें आम्ही कां बोलतों? महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं आजाऱ्यांस ख्रिस्तप्रसाद देण्यास आम्ही घरोघर जातों. कित्येक दारांमागें एकटें वृद्ध माणूस असतें. मुलें दूर देशीं. पैसा वेळेवर येतो. सकाळचा भात संध्याकाळीं पुन्हां ऊन करून एकट्यानेंच खाल्ला जातो. त्या घरांत वेदीवरची भाकर पोंचते, शेजाऱ्याची पोंचत नाहीं. आपल्याच वाडींत भाड्याच्या खोलींत परप्रांतींचे मजूर राहतात. त्यांचें नांवहि आपणांस ठाऊक नसतें.

म्हणून ह्या महोत्सवानिमित्त आमचें एकच मागणें आहे. प्रत्येक वाडीनें आपल्यांतील एकटीं जेवणारीं माणसें कोण, हें पाहावें. आणि प्रत्येक घरानें आठवड्यांतून एक दिवस त्यांपैकीं एकास आपल्या पंक्तीस बसवावें. ज्यास येववत नाहीं, त्याच्याकडे ताट घेऊन मुलांस पाठवावें, आणि तें जेवण होईपर्यंत मुलांनीं तेथेंच बसावें. जात, धर्म, प्रांत विचारूं नये. चतकोर म्हणजे काय, हें मुलांस त्या वाटेवर आपोआप समजेल.

परमेश्वर आपल्या घरांस भरपूर भाकर देवो, आणि ती मोडणारे हात देवो.