वसईचे एक आडनाव : डिसोझा

वसईच्या गावांतून ‘डिसोझा’ हे आडनाव कानी आले, की परक्यास त्या घरात फिरंगी रक्त असावेसे वाटते. समज चुकीचा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या ख्रिस्त्यास धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. त्यामुळे ज्यांचा परस्परांशी सोयरसंबंधही नाही अशी कुळे एका आडनावाखाली आली. बोली मात्र मराठीच राहिली.

जुन्या वृत्तांतांत हे आडनाव वारंवार भेटते. 1542 साली गोव्याचा गव्हर्नर म्हणून आलेला मार्तिम आफोन्सो द सोझा. त्याच्याच सोबतीने संत फ्रान्सिस झेवियर आले. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई सोडण्याच्या तहावर सही केली ती काएतानो द सोझा परेरा याने. हा धडा चालू असता वर्गातील पोरे एखाद्या डिसोझाकडे वळून पाहतात, आणि तो बिचारा मान खाली घालतो! त्याचे पूर्वज बहुधा तटावर नव्हतेच. ते केळीच्या बागेत किंवा होडीवर असतील.

त्याच मुलास 1 डिसेंबर 1956 चा मेलबर्नचा सामना कोणी सांगत नाही. नेव्हिल डिसोझा याने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले, भारत 4-2 ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई. व्यापारवृत्तांतही हे नाव आहे: गोमंतकीय कुटुंबातील फ्रान्सिस्को डिसोझा 2007 ते 2019 कॉग्निझंट कंपनीचे प्रमुख होते. ह्या साऱ्यांना एका वंशवृक्षावर टांगू पाहणाऱ्याने आधी चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या चाळाव्या.