निश्चित आणि निश्चिंत: ‘शुअर’ या इंग्रजी शब्दाविषयी



मुलाला मराठी शाळेत घालताना पालकांच्या मनात एक प्रश्न असतोच: याच्या इंग्रजीचे काय होणार? महाराष्ट्राबाहेर तो अधिकच टोचतो, कारण उंबरठ्याबाहेर हिंदी, गुजराती किंवा कन्नड आणि नोकरीच्या दारात इंग्रजी. या प्रश्नाला सिद्धान्तांनी उत्तर देण्यापेक्षा एक लहानसा शब्द घेऊन पाहावे. शब्द आहे ‘शुअर’. दूरध्वनीवर, दुकानात, कार्यालयात तो दिवसातून कितीदा तरी कानी पडतो. काम सांगितले की समोरून ‘शुअर’ येते. काम होतेच असे नाही.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘सेक्युरुस’. ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे काळजी. फ्रेंचच्या वाटेने झिजत आला तो ‘शुअर’ झाला. तोच शब्द पुढे थेट लॅटिनमधून घेतला गेला तो ‘सिक्युअर’ राहिला. मुळात, ज्याला चिंता उरलेली नाही तो ‘शुअर’. मराठीत यासाठी अगदी घडणीसकट जुळणारा शब्द आहे: निश्चिंत. ‘शुअर’चा शेजारी ‘सर्टन’ मात्र वेगळ्या घरचा. त्याच्या मुळाशी चाळणे, निवडणे, निवाडा करणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. चाळून, पारखून जे ठरले ते ‘सर्टन’, म्हणजे आपले निश्चित. शुद्धलेखनाच्या वहीत ज्या एका अनुस्वारासाठी गुण कापले जातात, त्या अनुस्वाराएवढेच अंतर या दोन शब्दांत आहे.

म्हणूनच ‘इट इज सर्टन दॅट’ असे वाक्य इंग्रजीत सहज सुरू होते, पण त्या जागी ‘शुअर’ घातला तर कानाला खटकते. गोष्ट निश्चित असू शकते, निश्चिंत असू शकत नाही. निश्चिंत होते ते माणसाचे मन. माणसाबद्दल बोलताना दोन्ही शब्द चालतात, हे खरे. ‘सर्टन’चा दुसरा अर्थ, ‘सर्टन पीपल’मधला, मुलांना उगाच गोंधळात टाकतो. मराठीत ‘ठरावीक लोक’ म्हणताना ठरवणे हेच क्रियापद आत दडलेले असते, एवढे दाखवले की तो गोंधळ संपतो.

खरी मौज पुढे आहे. ‘शी इज शुअर ऑफ विनिंग’ आणि ‘शी इज शुअर टू विन’ ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात खात्री तिची आहे. दुसऱ्यात खात्री बोलणाऱ्याची आहे. ती स्वतः कदाचित भीतीने थरथरत असेल. विद्यार्थी दोन्हींचे भाषांतर ‘तिला जिंकण्याची खात्री आहे’ असे करतात आणि दुसऱ्या वाक्यात चुकतात. ते वाक्य मराठीत ‘ती जिंकणारच’ असे होते. इंग्रजी जे ‘शुअर टू’ जोडून साधते, ते मराठीचा एकाक्षरी ‘च’ करून टाकतो. व्याकरणाच्या तासाला या ‘च’ची उपेक्षा होते, ती होऊ नये.

‘खात्री’ या शब्दाचाही प्रवास पाहण्यासारखा आहे. अरबी-फारसीतल्या ‘खातिर’पासून, म्हणजे मन या अर्थाच्या शब्दापासून, तो आला, ‘खातरजमा’ हा त्याच घरचा. मराठीने त्याला आपली क्रियापदे दिली आणि त्याचा संसार वाढवला. खात्री वाटते, ती नुसती भावना. खात्री पटते, ती पुरावा पाहिल्यावर. खात्री करून घ्यावी लागते, तेव्हा माणूस उठून दाराची कडी पाहतो. इंग्रजी त्याला ‘मेक शुअर’ म्हणते. खात्री देणे म्हणजे ‘अशुअर’. ‘बी शुअर टू लॉक द डोअर’ या वाक्यात मात्र खात्रीचे नावही काढू नये. तिथे मराठी आई एवढेच म्हणते, ‘कुलूप लावायला विसरू नकोस.’

‘शुअरली’ हा आणखी फसवा. आपल्या देशात ‘आय विल शुअरली कम’ म्हणजे नक्की येईन, असे सर्रास लिहिले जाते. इंग्लंडमध्ये ‘शुअरली’त पुष्कळदा आर्जव किंवा शंका असते: ‘शुअरली यू नो हिम?’ म्हणजे ‘अहो, तुम्ही ओळखता ना त्यांना?’ खात्रीच्या शब्दातच शंका शिरते, आणि हा ‘ना’ तिला बरोबर पकडतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. इंग्लंडच्या न्यायालयांत आज ज्यूरीला सांगितले जाते की, आरोपीच्या अपराधाबद्दल तुम्ही ‘शुअर’ असाल तरच त्याला दोषी ठरवा. वाटणे तिथे पुरत नाही, पटावे लागते.

मराठी माध्यमातला विद्यार्थी मुलाखतीला बसतो. उत्तर बरोबर दिलेले असते. समोरून ‘आर यू शुअर?’ असा प्रश्न येतो आणि आपले चुकलेच असे समजून तो उत्तर बदलतो. घरून निघताना आजीने विचारलेले असते, ‘सातला येशील ना रे? नक्की?’ तेव्हा तो वेळ बदलत नाही. ‘हो आजी, नक्की’ म्हणतो. मुलाखतीतला प्रश्न पुष्कळदा तेवढाच असतो, आणि ‘येस, आय अ‍ॅम’ एवढे त्याचे उत्तर पुरते. खरोखरच ठाऊक नसेल तर ‘आय अ‍ॅम नॉट शुअर’ हेही उत्तरच आहे. ‘नक्की सांगता येत नाही’ हे वाक्य तो वर्गात उभा राहून किती वेळा बोललेला असतो.