बंदोबस्ताचे तास पेन्शनमध्ये का दिसत नाहीत?

आजचा भाग जरा आकड्यांचा आहे. चहा घेऊन बसा म्हणजे झालं.

नवरात्रात आपल्या केडगावात रेणुकामातेच्या दर्शनाला रांगा लागतात तेव्हा बॅरिकेडपाशी उभे असलेले पोलीस तुम्ही बघितलेच असतील. त्यातलीच माणसं मोहट्याला, शिर्डीला, पालख्यांच्या वाटेवर आणि निवडणूक आली की मतमोजणीला. आमच्या गल्लीत एक हवालदार काका आहेत, निवृत्तीला आलेत. ते मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, मग सांग, हे जे तास उभे राहिलो त्याचे पेन्शनमध्ये किती धरतात?"

उत्तर एका शब्दाचं आहे. शून्य.

कसं ते बघू. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्य सरकारी सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. पूर्ण सेवा झाली की शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मी, त्यावर महागाई भत्ता. त्यानंतर लागलेल्यांचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के कापले जातात आणि सरकार १४ टक्के घालतं. मार्च २०२३ चा संप आठवतोय ना, "एकच मिशन, जुनी पेन्शन"? त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने युनिफाइड पेन्शन स्कीम स्वीकारली. तिच्यातही हिशेब मूळ वेतनाचाच. म्हणजे योजना कुठलीही घ्या, त्या सूत्रात 'तास' नावाचा व्हेरिएबलच नाही. साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावलं तर त्याचा मोबदला मिळतो, पण तो मूळ वेतन नाही, म्हणून पेन्शनपर्यंत पोचत नाही. (तुमच्या-आमच्या पीएफचंही तेच. १९५२ च्या कायद्याने ओव्हरटाईम भत्ता मूळ वेतनाच्या व्याख्येतून बाहेर ठेवलाय.)

आता उलटं टोक बघा, अमेरिका. तिथे पोलीस आणि फायर ब्रिगेड बहुतेक ठिकाणी शहराचे, त्यामुळे त्यांच्या पेन्शनचा भारही बराचसा शहरावर. ओव्हरटाईमला दीडपट दर. शहराला वाटतं, नवा माणूस घेतला तर त्याचा विमा आला, पेन्शन आली, त्यापेक्षा आहे त्यालाच जास्त तास देऊ, स्वस्त पडेल. पण अनेक ठिकाणी पेन्शन शेवटच्या काही वर्षांच्या कमाईवर ठरायची आणि त्या कमाईत ओव्हरटाईम धरायचे. मग निवृत्तीला आलेला माणूस शेवटी शेवटी भरपूर ओव्हरटाईम मारणार, हे उघडच आहे. मीही मारला असता.

याचा बोजा किती पडतो, ते आपल्या रुपयांत मांडतो. आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतलेत. शेवटचं मूळ वेतन ५० हजार, पेन्शन २५ हजार. आता शेवटच्या वर्षी महिन्याला १० हजारांचा ओव्हरटाईम झाला आणि तोही धरला, तर पेन्शन ३० हजार. म्हणजे ओव्हरटाईमवर वर्षाला खर्च १ लाख २० हजार. पण महिन्याचे ते वरचे ५ हजार पुढे २० वर्षं द्यायचे, म्हणजे महागाई भत्ता न धरता १२ लाख. अशी हजार माणसं असली तर १२० कोटी. आमच्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात. आज वाचवलेलं काम उद्या व्याजासकट अंगावर येतं. म्हणूनच न्यूयॉर्क राज्याने १ एप्रिल २०१२ पासून लागलेल्या पोलीस आणि फायरमनसाठी पेन्शनमध्ये धरायच्या ओव्हरटाईमवर नियमित कमाईच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाने २०१३ च्या कायद्याने नव्या लोकांसाठी तो धरणंच बंद केलं.

मग आपण शहाणे, असं वाटेल. आपल्याकडे हा बोजा नाहीच. पण इथेच खरी मेख आहे. तिथे जादा तासाला किंमत आहे, म्हणून कुणीतरी हिशेब मागतं. आपल्याकडे पोलिसाचा नववा, दहावा, बारावा तास सरकारला जवळजवळ फुकट पडतो. फुकटच्या गोष्टीचा हिशेब कोण ठेवणार?

केंद्राच्या पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोसाठी २०१४ मध्ये एक अभ्यास झाला. पोलीस ठाण्यातले जवळपास ९० टक्के लोक रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करतात, असं त्यात निघालं. आठ तासांची पाळी खरोखर लावायची तर मनुष्यबळ १.६८ पट लागेल, हाही त्यातलाच आकडा. सगळा विषय या १.६८ मध्ये आहे. १०० जागी १६८ माणसं घ्या, म्हणजे ६८ नवे पगार, ६८ जणांचे १४ टक्के, ग्रॅच्युइटी, सगळं आलं. ते टाळायचं असेल तर आहेत त्या १०० जणांना उभं करायचं. आज राज्याचा पेन्शनखर्च आहे त्यापेक्षा कमी दिसतो, त्याचं एक कारण हे न घेतलेले ६८ जण आहेत. आणि बिल येतंच, फक्त दुसऱ्या खात्यात येतं. पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत, बीपी-शुगरच्या गोळ्यांत, घरात.

बदल होतच नाही असं नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ मध्ये आठ तासांची ड्युटी सुरू झाली. कल्पना तिथल्याच एका शिपायाची होती आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पुढे शहरभर नेली. जानेवारी २०२२ मध्ये पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी राज्यातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश काढला. पण नवी माणसं न घेता वेळापत्रक बदललं की ते पहिल्या मोठ्या बंदोबस्तापर्यंतच टिकतं, असं माझं मत.

पोलीस झाले राज्याचे. शहराच्या तिजोरीशी थेट संबंध येतो तो अग्निशमन दलाचा, कारण ते महापालिकेचं. ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीयूला आग लागली तेव्हा त्या दिवशी ११ रुग्ण गेले. फायरमन किती लागतात हा प्रश्न आपल्या शहराला कुणी वेगळा समजावून सांगायला नको. पण पालिकांना आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचं बंधन आहे. तो वर गेला की भरती अडते. भरती अडली की आहेत त्यांच्याच पाळ्या लांबतात, आणि कागदावर खर्च आटोक्यात दिसतो.

काकांना मी सांगितलं की ओव्हरटाईम पेन्शनमध्ये धरावा असं मला वाटत नाही. ते थोडे नाराज झाले. पण धरला तर शेवटच्या वर्षांत ज्याला ड्युटी लावून घेता येते त्याचाच फायदा होणार, पंचविशीतल्या शिपायाला काही मिळणार नाही. मला वाटतं, प्रत्येक जादा तासाची नोंद व्हावी, त्याच महिन्यात रोख मोबदला मिळावा आणि अंदाजपत्रकात त्याचं वेगळं शीर्ष असावं. नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर अवघड नाही, आठवडाभराचं काम आहे. अवघड हे की एकदा आकडा छापला गेला की भरती का करत नाही, याचं उत्तर द्यावं लागेल.

महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकी सभेआधी आपल्या नगरसेवकाला दोनच गोष्टी विचारा. अग्निशमनची मंजूर पदं किती आणि भरलेली किती? उत्तर मिळालं तर मला पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.