पिंजऱ्यातला कावळा



आपल्या अंगणातला कावळा
एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारला नेला गेला.
तो तिथला कचरा साफ करील, अशी अपेक्षा होती.
पुढे तो दार-ए-सलाम, मोंबासापर्यंत पसरला.
तिथल्या छोट्या पाखरांची अंडी, पिल्लं फस्त करू लागला.
केनियाने 2024 मध्ये त्याच्याविरुद्ध मोठी मोहीम जाहीर केली.

त्याला धरायला पिंजरा लावतात.
चांगला खोलीएवढा.
लाकडी चौकट, भोवती जाळी.
छत मधोमध खाली उतरतं.
तिथे एक शिडी आडवी बसवलेली असते.
कावळा पंख मिटतो
आणि पायऱ्यांच्या फटीतून आत उतरतो.
वर उडायला मात्र पंख पसरावे लागतात.
ते फटीत मावत नाहीत.
लक्षात ठेवा,
मिटल्या पंखांनी आत येता येतं,
पसरल्या पंखांनी बाहेर जाता येत नाही.

म्हणून शिडीच्या खाली बसायला दांडी नको.
तिच्यावरून उडी मारून कावळा निसटतो.
दांड्या कोपऱ्यात बांधाव्यात.

आमिष मांसाचं.
पण खरी ओढ आत बसलेल्या जिवंत कावळ्याची.
त्याला बघून बाकीचे उतरतात.
त्याला रोज खाणं, पाणी आणि सावली मिळालीच पाहिजे.
यात हयगय म्हणजे निव्वळ क्रूरपणा.

पिंजरा रोज तपासायचा.
आफ्रिकेतला मूळचा, पांढऱ्या छातीचा कावळा अडकला,
तर लगेच सोडायचा.
आणि धरलेले कावळे इतरांदेखत मारायचे नाहीत.
एकदा धसका बसला,
की थवा त्या पिंजऱ्याकडे फिरकत नाही.